कुरणातला बार

बोरवाडीच्या भैरूला भीती वाटायची, आणि ती त्याला लपवताही यायची नाही. साप-विंचवाची भीती सगळ्यांनाच वाटते. भैरूला ढग गडगडले तरी वाटायची, खेडच्या कचेरीतला शिपाई दिसला तरी वाटायची, विहिरीत वाकून बघायचं म्हटलं तरी दोन पावलं मागं सरायचा. चाकणच्या बाजारात दोन बैलांची टक्कर लागली की लोक पुढं सरकायचे आणि भैरू कांद्याच्या पोत्यांमागं जाऊन उभा राहायचा. वाडीतली माणसं हसायची, तोही हसायचा. "आपल्याला भ्या वाटतं बाबा," असं सरळ सांगून मोकळा व्हायचा.

एरवी माणूस कामाला मागं हटणारा नव्हता. पस्तिशीचा, उंचापुरा, हाडापेरानं दणकट. औत धरलं की तास कसा दोरी लावल्यासारखा सरळ. त्याची बायको अंबूबाई तोंडानं फटकळ होती, पण दुसऱ्या कुणी नवऱ्याला भित्रा म्हटलेलं तिला खपायचं नाही. तो हक्क तिनं स्वतःकडं ठेवला होता.

थोरला भाऊ मालोजी मात्र अगदी उलटा. अंगानं किरकोळ, पण छातीचा. बापाच्या माघारी घरातली ठासणीची बंदूक त्याच्याकडं आली होती. पिकाच्या राखणीसाठी सरकारनं परवाना दिलेली ती वाडीतली एकुलती एक बंदूक. नळीत वरून दारू ओतायची, चिंध्यांचा बोळा कोंबायचा, गजानं ठासायचा, मग छर्रे, परत बोळा, आणि शेवटी घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवायची. एवढा खटाटोप होईस्तोवर जनावर निवांत निघून जायचं. तरीपण बंदूक ती बंदूक. ती खांद्यावर टाकून मालोजी वेशीतून निघाला की म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावर पाय आवरून बसायची.

बंदुकीला काम होतं ते साळूंचं. शहाणी माणसं साळिंदर म्हणतात, वाडीत त्याला साळू म्हणायचे. अंगावर काळ्यापांढऱ्या काट्यांचा भारा घेऊन हिंडणारं हे जनावर दिवसभर बिळात पडून राहायचं आणि दिवस बुडाला की बाहेर यायचं. बटाट्याच्या रानात शिरलं की वरंबेच्या वरंबे उकरून टाकायचं. पण बटाट्यांपेक्षा मोठं नुकसान व्हायचं ते कुरणात.

वाडीच्या एका अंगाला, ओढ्यापलीकडं, गवताचं मोठं कुरण होतं. पावसाळाभर त्यात जनावर सोडायला आणि विळा लावायला बंदी असायची. दिवाळीपर्यंत गवत माणसाच्या छातीला लागायचं. मग सगळ्या वाडीनं मिळून कापायचं, पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायच्या. उन्हाळ्यात त्याच्यावरच जनावरं जगायची. या कुरणात साळूंनी जागोजाग बिळं पाडली होती. वर गवत दाट, खाली तोंड उघडं. एका साली गवताची गाडी भरून निघाली आणि मालोजीच्या पवळ्या बैलाचा पुढचा पाय अशाच एका बिळात गेला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. भैरू गाडीमागं चालत होता. त्या बैलाचे डोळे त्यानं बघितले आणि पुढं कितीतरी दिवस जेवताना घास हातातच राहायचा.

त्या दिवसापासून मालोजीनं साळूंशी वैर धरलं. दिवस मावळायच्या बेताला दोघं भाऊ कुरणात जाऊन बसायचे. मालोजी बंदूक घेऊन, भैरू काठी घेऊन. काही वेळा शिकार मिळायची, बऱ्याच वेळा हात हलवत यायचे. एकदा टोपी ओलसर निघाली आणि घोडा नुसताच 'टक्' करून बसला. एकदा मालोजीनं नेम धरून बार टाकला, दोघं धावत गेले, तर समोर वारूळ! छर्ऱ्यांनी वारुळाचा शेंडा उडाला होता आणि मुंग्या चवताळून बाहेर पडत होत्या. एकदा मात्र साळू जखमी होऊन, काटे फुलवून, उलट्या पावलांनी, पाठ पुढं करून थेट भैरूच्या अंगावर आला. भैरू जवळच्या बाभळीवर चढला. कसा चढला हे त्यालाही कळलं नाही. उतरायला मात्र फार वेळ लागला, आणि अंबूबाई रात्री दिव्याजवळ बसून त्याच्या पाठीतले बाभळीचे काटे काढत म्हणाली, "साळूचं काटं परवडलं असतं की वो!"

शिकार मिळाली की वाडीत मटणाचे वाटे जायचे. लांब काटे बायका भांग पाडायला मागून न्यायच्या. भैरूचा त्यात वाटा एवढाच, की तो तिथं होता. आणि त्याला तेवढंच बरं वाटत होतं.

मग पिंपरीच्या माळावर औषधांचा मोठा कारखाना उभा राहू लागला. माणसं हवी होती. मालोजीला रखवालदाराची नोकरी लागली. खाकी कपडे, डोक्याला पट्ट्याची टोपी. त्यानं बिऱ्हाड तिकडंच नेलं. निघायच्या दिवशी त्यानं बंदूक खुंटीवरून काढली आणि भैरूच्या पुढ्यात धरली.

"भैऱ्या, आता ही तुझ्याकडं."

"दादा, माझ्याकडं नको. आपलं जमायचं न्हाई ते."

"मग काय साळूंना आमंत्रण देऊ? परवान्यावर तुझं नाव चढवून आणलंय मी. बापाची बंदूक हाय. घरात नुसती टांगून ठेवायची न्हाई."

"मला भ्या वाटतं तिचं."

मालोजी हलक्या आवाजात म्हणाला, "मला न्हाई वाटत व्हय रं? वाटतं की. पण हातात धरली की हात काम करतो."

भैरूला हे अजिबात खरं वाटलं नाही. तरी त्यानं बंदूक घेतली, कारण थोरल्या भावाला नाही म्हणायचीही त्याला भीतीच वाटत होती.

पहिला बार त्यानं परसात टाकला. भिंतीवर मडकं ठेवलं, खांद्याला दस्ता लावला, चाप ओढला. धुराचा लोट उठला, शेजारची कुत्री पळत सुटली, कोंबड्या छपरावर गेल्या. मडकं होतं तिथंच होतं. अंबूबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"डोळं मिटून कुटं बंदूक उडवत्यात व्हय?"

"मिटत न्हाई मी. आपोआप मिटत्यात."

पुढं ते तसंच चाललं. चाप ओढताना डोळे मिटायचे, मान मागं जायची आणि नळी वर उचलली जायची. साळू पळून जायचे. छर्रे कुठल्याकुठं जायचे. तरी एक फायदा झाला. बाराच्या आवाजानं साळू चार दिवस बटाट्यात फिरकायचे नाहीत, आणि वाडीतली माणसं म्हणायची, "भैरूनं राखलं बरं का रान!" खांद्यावर काळानिळा वण घेऊन भैरू मुकाट्यानं मान हलवायचा.

आणि मग एका संध्याकाळी नेम लागला. कसा लागला देव जाणे. साळू बिळाच्या तोंडाशी होता, भैरू अगदी जवळ होता, डोळे मिटलेलेच होते. धूर विरला तेव्हा ते जनावर आडवं पडून पायांनी माती खरडत होतं. मरायला त्याला वेळ लागला. भैरू तिथंच उकिडवा बसून बघत राहिला. वाडीनं त्या दिवशी कौतुक केलं, अंबूबाईनं वाटण वाटलं, पण भैरूनं ताटाला हात लावला नाही. आतापर्यंत त्याला आवाजाची भीती होती, धक्क्याची भीती होती. आता कळलं की आपण चाप ओढला तर समोर खरोखरच काहीतरी मरतं.

त्या सालचा आश्विन चालू होता. कुरण पिवळं पडलं होतं. कापणीला थोडेच दिवस उरले होते, आणि बैल बिळात जायला नकोत म्हणून वाडीनं भैरूच्या मागं लकडा लावला होता. तो रोज दिवस कलला की जायचा. त्या दिवशीही गेला. वारं पडलं होतं. कुसळं धोतराला टोचत होती. ओढा ओलांडून तो आपल्या नेहमीच्या दगडाशी येऊन बसला, बंदूक ठासली, टोपी बसवली, आणि वाट बघत राहिला.

सूर्य खाली गेला. अजून उजेड होता, पण रंग गेले होते. गवत, दगड, झुडपं सगळं एकसारखं मातकट दिसत होतं. अशा वेळी कुरणात बसणं भैरूला सगळ्यात नकोसं वाटायचं. या कुरणात फार वर्षांपूर्वी एक बाई साप चावून मेली होती आणि तिन्हीसांजेला ती अजून गवत कापते, असं वाडीत सगळेच सांगायचे. आपण त्या गोष्टीचा विचार करायचा नाही, असं ठरवून भैरू त्याच गोष्टीचा विचार करत होता.

एवढ्यात समोरच्या गवतात खसफस झाली.

खसफस थांबली. मग परत झाली, आणि या खेपेला तिच्यात दुसरा आवाज मिसळलेला होता. वाळक्या शेंगा हलाव्यात तसा खुळखुळ आवाज. साळू काटे फुलवून हलवतो तेव्हा असाच आवाज येतो. भैरूनं बंदूक उचलली. गवताचे शेंडे जोरात हलत होते, एकाच जागी, जणू मोठं जनावर तिथं उकरत होतं. इतका मोठा साळू त्यानं कधी बघितला नव्हता. तो आपल्या अंगावर यायच्या आत बार टाकावा, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं चाप ओढला. डोळे मिटले.

बाराचा आवाज टेकडीवर आपटून परत आला, आणि त्याच्या पाठोपाठ आवाज आला, "आई गं! मेले गं बाई!"

बाईचा आवाज.

भैरू पळाला. विचार केलाच नाही. बंदूक हातातून कधी पडली कळलं नाही, पायातलं पायताण कधी निघालं कळलं नाही. गवत तोंडावर आपटत होतं. ती साप चावलेली बाई आपल्या मागं येतेय, तिचा हात आता पाठीला लागणार, एवढंच त्याला वाटत होतं. ओढ्याच्या पाण्यात पाय पडला तेव्हा गार लागलं आणि तो थांबला.

पलीकडं वाडीतल्या चुलींचा धूर दिसत होता. उडी मारली की ओढा संपला. घरी गेलं की अंबू विचारेल, "मिळालं का काई?" आणि आपण म्हणू, "न्हाई." कुणाला कळणार होतं?

मग कुरणातून परत हाक आली. या वेळी बारीक, थकलेली. "कुनी हाय का रं? अरं बाबा, जाऊ नगं!"

भूत कशाला म्हणेल जाऊ नको? भूत असतं तर बरं झालं असतं. आपण जिवंत बाईवर बार टाकला. आता भुतापेक्षा मोठी भीती उभी राहिली होती. फौजदार, बेड्या, येरवड्याचा तुरुंग, अंबूबाई एकटी. पुढं जायलाही पाय उचलेना आणि मागं जायलाही. शेवटी तो मागं वळला. का वळला हे त्याला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. "ती हाका मारायची थांबली, मग मला जास्त भ्या वाटलं," एवढंच तो म्हणायचा.

"कुटं हायसा?" त्यानं ओरडून विचारलं. आवाज चिरका निघाला.

"हितं रं! हितं!"

गवत बाजूला सारत तो पुढं गेला. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली ठकुबाई गवतात बसकण मारून पडली होती. साठीची, हडकुळी बाई. चाकणच्या बाजारात दूध घालायला जायची, भैरू तिला ओळखत होता. तिचा उजवा पाय मांडीपर्यंत जमिनीत गेला होता. डाव्या दंडावरची चोळी रक्तानं भिजली होती. शेजारी गवताची अर्धवट बांधलेली पेंढी आणि विळा.

"मावशे!" भैरू गुडघ्यावर बसला. "मावशे, मी मारलं गं तुला! साळू समजून मारलं!"

"भैऱ्या का तू?" ठकुबाई कण्हत म्हणाली. "मुडद्या, मी साळू दिसते व्हय रं तुला?"

"हाक का न्हाई मारलीस? मी इतका वेळ हितं बसलोय!"

"कशी मारू? बंदीच्या कुरणात विळा लावला व्हता मी. म्हशीला घालायला काई न्हवतं घरात. पाऊल वाजलं तुझं, मला वाटलं वाडीचं राखणदार आलं. आता चारचौघांत बोलत्याल, म्हनून गप पडले. हळूच पाय काढायला बघत व्हते."

ती त्याला भीत होती आणि तो तिला भीत होता. मध्ये चार हात गवत.

नळी वर उचलली गेल्यानं बहुतेक छर्रे तिच्या डोक्यावरून गेले होते. थोडेच दंडात घुसले होते. पण ठकुबाईला दंडाची फिकीर नव्हती.

"माझा पाय काढ रं आधी. खाली काईतरी हाय. हलतंय. टोचतंय."

भैरूनं बिळाला कान लावला. आतून खुळखुळ आवाज आला, आणि मग कुणीतरी रागानं नाक फुरफुरावं तसा आवाज. त्यानं कान झटकन वर घेतला. म्हणजे साळू होता, खराच होता. बिळात होता, आणि ठकुबाईचा पाय त्याच्या दारात अडकला होता.

पाय ओढून निघेना. घोट्याशी मुळ्या आणि दगड यांच्यात तो अडकला होता, आणि ओढला की ठकुबाई किंचाळायची. बिळाचं तोंड मोठं करायला हवं होतं. म्हणजे आत हात घालून माती काढायला हवी होती. भैरूनं विळा उचलला. त्यानं एकदा वाडीकडं बघितलं. वाडीतून कुणाला बोलवून आणावं, चार माणसं, कुदळी, कंदील. पण तेवढ्या वेळात काळोख पडला असता आणि दंडातून रक्त वाहतच होतं.

त्यानं डोक्याचा पटका सोडला, अर्धा फाडून तिच्या दंडाला आवळून बांधला आणि उरलेला आपल्या हाताला गुंडाळला. मग पालथा पडून खांद्यापर्यंत हात बिळात घातला.

"काय करतोय रं?" ठकुबाईनं विचारलं.

"भितोय," भैरू म्हणाला.

माती उकरताना त्याला आतली ऊब हाताला लागत होती. मध्येच काटे पटक्यातून आरपार गेले आणि तो ओरडला, हात बाहेर काढला, रडला, आणि परत आत घातला. मुळी विळ्यानं कापली. दगड बोटांनी हलवत हलवत सैल केला. तोंडानं तो सारखा काहीतरी पुटपुटत होता, देवाची नावं, अंबूचं नाव, मध्येच साळूलाच विनवणी, "जा रं बाबा मागं, जा की." एकदाचा दगड निसटला. त्यानं ठकुबाईच्या काखेत हात घालून तिला मागं खेचलं आणि दोघंही गवतात उताणी पडली. तिच्या पोटरीत काटे रुतलेले होते आणि घोटा वाकडा दिसत होता.

बिळाच्या तोंडातून काळं काहीतरी सळसळत बाहेर आलं, त्यांच्याकडं पाठ करून क्षणभर थांबलं आणि गवतात दिसेनासं झालं. भैरूला हलतासुद्धा आलं नाही.

ठकुबाईला पाठुंगळी घेऊन तो नाशिक रस्त्यापर्यंत गेला. वजन काहीच नव्हतं तिचं. कांद्यांची एक मालमोटार पुण्याकडं चालली होती, तिला हात केला. ड्रायव्हरनं रक्त बघितलं आणि न विचारता दोघांना पोत्यांवर घेतलं.

चाकणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छर्रे बघितले आणि भैरूकडं बघितलं. "हे कुणी केलं?"

"मी," भैरू म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या डोक्यात आलं होतं. पण खोटं बोलून ते निभावून न्यायचं, त्याचीही भीतीच वाटली.

डॉक्टरांनी चौकीला निरोप पाठवला आणि ठकुबाईच्या लेकालाही. ठकुबाईचा लेक सोनबा. चाकणच्या तालमीतला पैलवान, आणि डोक्यानं तापट. भरली बैलगाडी एका अंगानं एकट्यानं उचलतो म्हणून त्याची ख्याती. भैरू बाहेर लिंबाखाली बसून राहिला. पळून जायला कुणी अडवलं नव्हतं. पण पायांचं आज पुरेसं पळून झालं होतं.

सोनबा आला तो धावतच. दवाखान्यात शिरला, जरा वेळानं बाहेर आला. लिंबाखाली येऊन उभा राहिला. दिव्याचा उजेड त्याच्या पाठीमागून येत होता, त्यामुळं चेहरा दिसत नव्हता, नुसता आकार दिसत होता.

"बार तू टाकलास?"

"व्हय."

सोनबानं एक थप्पड लगावली. भैरू खाली कोलमडला. कानात गुणगुण सुरू झाली. दुसरी येणार म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले. ती आली नाही. डोळे उघडले तर सोनबा त्याच्या हाताकडं बघत होता. पटका रक्तानं माखला होता आणि त्यातून साळूच्या काट्याचं तुटलेलं टोक वर आलं होतं.

"बिळात ह्योच हात घातलास?"

भैरूनं मान हलवली.

"आई सांगत व्हती. म्हनं लहान पोरावानी रडत व्हता, पर हात काढला न्हाई." सोनबानं भैरूला दंडाला धरून उठवलं. "चल आत. डॉक्टरला दाखव. आन् तिला खाटंवर नीट ठेवायची हाय, उचलू लाग."

फौजदारापुढं ठकुबाईनं काय सांगायचं ते सांगितलं. बंदी मोडली ती मी, हाक मारली नाही ती मी, त्यानं साळू समजून बार टाकला आणि मला काढलंही त्यानंच. भैरूला खेडला बरेच हेलपाटे पडले. प्रत्येक वेळी तो कचेरीच्या पायऱ्यांशी थांबायचा आणि शिपाई आत गेला की मगच चढायचा. शेवटी त्याला समज देऊन सोडलं आणि परवाना रद्द झाला. कुरणात पडलेली बंदूक त्यानं स्वतःच शोधून नेऊन जमा केली होती.

मालोजी सायकलवरून आला तो रागानं लाल होऊन. "बापाची बंदूक घालवलीस! वाडीत एक व्हती, तीबी गेली!"

"व्हय दादा."

"आता साळू बटाटं ठेवत्याल का?"

"न्हाई ठेवायचं."

खरंच ठेवले नाहीत. त्या साली वाडीतल्या कितीतरी रानांत वरंबे उकरलेले दिसत होते, आणि लोक भैरूच्या घराकडं बघून तोंड फिरवायचे. मालोजी दिवाळीला आला नाही. अंबूबाई पाणवठ्यावर एकटी पडली, पण तिनं घरात कधी त्याचा उच्चार केला नाही. ठकुबाईच्या म्हशीला मात्र ती स्वतः भारा पोचवून यायची. "त्यांनी कुरणात चोरून विळा लावण्यापरीस आपणच दिलेला बरा," म्हणायची.

पुढच्या साली कापणीच्या आधी भैरू कुदळ आणि टोपलंभर दगड घेऊन कुरणात उतरला. गवतात पाय टाकायच्या आधी तो मोठ्यानं ओरडायचा, "कुनी हाय का? हाय का कुनी?" मग थांबायचा, ऐकायचा, आणि मग पुढं सरकायचा. बीळ सापडलं की त्यात दगड आणि बाभळीच्या फांद्या कोंबून वर खूण म्हणून काठी रोवायचा. सगळं कुरण त्यानं असं पालथं घातलं. साळू नवी बिळं पाडायचे, तो परत बुजवायचा. हातावर साळूच्या काट्यांचे वण होते आणि थंडीत एक बोट पूर्ण वळायचं नाही. बंदुकीनं जेवढं झालं नसतं तेवढं यातून झालं असं वाडीतली काही माणसं म्हणायला लागली. काही म्हणाली नाहीत. मालोजीचा अबोला सुटायला मात्र आणखी बराच काळ गेला, आणि सुटला तेव्हाही बंदुकीचं नाव दोघांनी काढलं नाही.

भैरूची भीती काही गेली नाही. दिवाळीत कुणी फटाका उडवला की तो गोठ्यात जाऊन बैलांजवळ बसायचा. बैल बुजू नयेत म्हणून, असं सांगायचा.

ठकुबाईचा पाय बरा झाला, पण लंगडी राहिली. कुरणाची कापणी सुरू झाली की ती बांधावर येऊन बसायची. वाडीनं तिला आता तिच्या वाटणीच्या पेंढ्या ठरवून दिल्या होत्या. भैरू गवताच्या कडेला उभा राहून ओरडला, "कुनी हाय का?" की बांधावरून उत्तर यायचं:

"हाय रं मुडद्या! मी अजून हाय!"

कापणीवाल्या बाया खदखदून हसायच्या. भैरू हसायचा नाही. तो परत एकदा हाक मारायचा, गवत हलतंय का बघायचा, आणि मगच पाऊल टाकायचा.